हेडलाइट लागत नाही? बल्ब आणायच्या आधी हे बघा

गळिताच्या दिवसांत कोरेगाव-रहिमतपूर रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी असते, आणि पावसाळ्यात पसरणी घाटात धुकं उतरतं. एका हेडलाइटवर ही वाट काढणं नको. पण दिवा गेला म्हणजे बल्बच उडाला, असं धरून थेट साताऱ्यात पोवई नाक्यावरचं दुकान गाठायचीही घाई नको.

आधी नेमकं काय लागतंय आणि काय नाही ते पाहा. बऱ्याच गाड्यांत एच ४ बल्ब असतो: तीन पिना, १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट, डिपर (जवळचा उजेड) आणि अप्परच्या (लांबचा उजेड) दोन तारा एकाच काचेत. एका बाजूचा फक्त डिपर गेला आणि अप्पर लागतो, तर बहुधा त्या बल्बची एक तार तुटली. एका बाजूचे दोन्ही गेले तर बल्ब, कपलर (बल्बच्या पिनांवर बसणारा वायरचा जोड, म्हणजेच होल्डर) किंवा अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर). दोन्ही बाजूंचा डिपर एकदमच गेला तर रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याचा करंट जोडणारी छोटी डबी) किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचवर संशय घ्या. दोन बल्ब एकाच वेळी क्वचितच जातात.

फ्यूज बघायला दोन मिनिटं लागतात. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे असतात; कुठला कशाचा ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा. उडालेला असेल तर तेवढ्याच आकड्याचा घाला. ५५ वॉटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर ओढतो, त्यामुळे १० चा फ्यूज उगाच उडत नाही. नवाही लगेच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. तिथे मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे फ्यूजऐवजी वायरिंग जाळणं. गाडी गोठ्याशेजारी किंवा शेडमध्ये उभी असते का? मग उंदरांनी कुरतडलेली वायर आधी शोधा.

बल्ब तपासायची खात्रीची आणि फुकटची पद्धत म्हणजे अदलाबदल. दिवे बंद करून दहा मिनिटं थांबा, कपलर ओढा, दिव्यामागचं रबरी झाकण काढा, स्प्रिंगची क्लिप सोडवा आणि दुसऱ्या बाजूचा चालू बल्ब इथे लावा. काचेला बोट लावू नका. हाताचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. बल्बच्या कड्याचे तीन कान एकाच पद्धतीने बसतात. ते नीट बसले नाहीत तर उजेड वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. रबर विसरलात तर दिव्यात पाणी शिरलंच.

चांगला बल्बही लागत नाही किंवा पिवळट, मंद लागतो, तेव्हा खरं काम सुरू होतं. महाबळेश्वर, पाटणकडच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांत कपलरमध्ये हिरवी पूड आणि अर्थच्या बोल्टला गंज हा नेहमीचाच रोग. कपलर काढून मोजलं तर मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो, कारण करंट वाहत नसताना गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून बल्ब जोडलेला, दिवा चालू, आणि मीटरच्या सुया कपलरच्या पाठीमागून घालून मोजा. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बल्बच्या अर्थ पिनेला: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थ खराब. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या चालू पिनेपर्यंत. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो, म्हणून एवढी कटकट. (काही गाड्यांत पॉझिटिव्ह कायम येतं आणि स्विच निगेटिव्ह जोडतो. तिथे टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा छोटा दिवा) चकवतो आणि अर्थ पिनेची वरची मोजणीही लागू पडत नाही; थेट बल्बच्या दोन पिनांमध्ये मोजा.)

अर्थचा बोल्ट काढून खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. कपलरला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. होल्डर तपकिरी पडून वितळला असेल तर साफ करून उपयोग नाही, सिरॅमिकचा बदला. बऱ्याचदा हे १००/९० वॉटच्या बल्बचं काम असतं: आठ अँपिअरच्या वर करंट, आणि वायर-होल्डर मात्र ६०/५५ च्या हिशेबाने दिलेले.

रिलेसाठी हाच अदलाबदलीचा डाव. हॉर्नच्या रिलेवर तोच नंबर असेल तर तो काढून लावा. टिक आवाज येतो पण पुढे करंट जात नाही, तर आतले पॉइंट जळलेत. टिकच नाही तर स्विच आणि त्याची वायर. कंपनीकडूनच एलईडी आलेल्या गाडीत फ्यूज आणि सप्लाय बघून थांबा. पुढचं काम घरी होत नाही.

शेवटी सपाट जागी, १० मीटरवरच्या भिंतीवर उजेड पाडून बघा. डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली हवी. एकेक बाजू तपासताना दुसऱ्या दिव्यापुढे पुठ्ठा धरा, कापड गुंडाळू नका.