पॉपी लावायचीय? आधी नदीकाठचा पिवळा धोतरा बघून या

जानेवारीत कुणाच्या तरी स्टेटसला लालभडक पॉपीचा फोटो दिसतो, मग आपल्यालाही पाहिजेच म्हणून नर्सरीत पळायचं, पिशवीतलं रोप आणायचं, कुंडीत लावायचं आणि आठ दिवसात त्याची मान पडलेली बघायची, हे मी लागोपाठ तीन वर्षं केलंय. साताऱ्यातच, स्वतःच्या अंगणात. पाणी कमी पडलं असेल म्हणून अजून पाणी घालायचो आणि रोप अजून लवकर जायचं.

अक्कल आली ती माहुलीच्या संगमावर. नातेवाइकांचा दहावा होता, कावळा काही शिवेना, तासभर नुसते बसलो होतो आणि समोर गोट्यांच्या फटीत पिवळा धोतरा फुललेला. कोण त्याला पाणी घालतंय, कोण खत घालतंय, तरी नुसता तरारलेला! बोंडाचं टोक फुटून काळं बी तिथंच वाळूत सांडत होतं. आणि हा धोतरा म्हणजे पॉपीचा चुलतभाऊ, दोघं एकाच कुळातले. मग डोक्यात आलं की आपण जे जे लाडानं करतोय ते ते याला कुणीच केलेलं नाही. तेव्हापासून माझी पॉपी कधी फेल गेली नाही, म्हणजे एकदा मुंग्यांनी बी नेलं तेवढं सोडून.

म्हणून पहिलं काम, धोतरा नीट बघून या. माहुली, वाई, कराडचा प्रीतिसंगम, सांगलीचा घाट, कुठंही नदीकाठाला नाहीतर पड रानात हिवाळा सरता सरता सापडतो. पान काटेरी आणि शिरांवर पांढरी नक्षी, पान मोडलं की हळद कालवल्यासारखा पिवळाधमक चीक येतो. बी मोहरीसारखं दिसतं आणि घोळ तिथंच होतो. मोहरीच्या तेलात याच्या बियांचं तेल मिसळलं की माणसाच्या अंगावर सूज चढते, हृदयावर ताण येतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीनं ६० हून जास्त माणसं गेली. जुनी लोकं याचा चीक डोळ्यात घालायला सांगतात, अजिबात घालू नका. आणि शंकराला वाहतो तो धोतरा वेगळा बरं का, तो वांग्याच्या कुळातला, हा मेक्सिकोकडून आलेला पाहुणा, काटेरी बोंडामुळं नाव तेवढं सारखं पडलंय. शेळीसुद्धा याला तोंड लावत नाही. तर बघायचं, शिकायचं, घरी आणायचा नाही.

आता पॉपीची पेरणी. माझा हिशोब सोपाय, दिवाळीचे अनारसे संपले की बी टाकायचं. म्हणजे ऑक्टोबरची शेवटची ते नोव्हेंबरची मधली तारीख. रात्री गारवा पडायला लागला पाहिजे, १५ ते २० डिग्रीच्या आसपास बी चांगलं उगवतं. गणपतीत घाई केली तर उकाड्यानं आणि परतीच्या पावसानं सगळं जातं आणि डिसेंबर उलटून पेरलं तर फुलं यायच्या वेळेला ऊन तापतं, मग टीचभर झाडाला दोन फुलं येतात आणि खेळ खल्लास.

जागा पूर्ण उन्हाची हवी, निदान सहा तास. आंब्याच्या सावलीत लावून उंच वाढल्या म्हणून खूश होऊ नका, त्या उन्हाकडं पळत असतात. साताऱ्याची मुरमाड माती याला एकदम झकास, फक्त थोडं जुनं कुजलेलं शेणखत मिसळा. युरिया नको, नुसता पालाच सुटतो. सांगलीकडं मात्र काळी माती. माझा मेव्हणा तिकडं नदीपासून जवळच राहतो, त्याच्याकडं पाणी घातलं की दोन दिवस चिखल आणि मग हातभर भेगा. त्याला वीतभर उंच गादीवाफा करायला लावला, खाली विटांचे तुकडे, वर माती, वाळू आणि शेणखत सारखं सारखं. आता त्याची पॉपी माझ्यापेक्षा चांगली येते, फोनवर ऐकवतो पण. कुंडीतच लावायची तर निदान १० ते १२ इंच खोल घ्या, मूळ सरळ खाली जातं.

आणि हे मूळच सगळ्या गोष्टीची मेख आहे. पॉपीला मुळ्यासारखं एक सोटमूळ असतं, ते हललं की झाड रुसलंच. म्हणून रोप आणून लावायचं नाही, जिथं फुलं पाहिजेत तिथंच बी टाकायचं. बी खसखशीएवढं, चिमटीत धरलं तर शंभर एकाच जागी पडतात, म्हणून एक चमचा बी असेल तर वाटीभर कोरडी वाळू घ्या, कालवा आणि रांगोळीसारखं हातातनं सोडत जा. वाळू पांढरी असली तर कुठं पडलंय ते दिसतं पण. वरनं माती टाकायची नाही, फक्त तळहातानं किंवा फळीनं हलकं दाबायचं. माझी आई दर वर्षी मागं उभी राहून म्हणते अरे झाक की ते, चिमण्या खातील. झाकायचं नाही. चिमण्यांपेक्षा मुंग्याच जास्त नेतात, वाफ्याच्या कडेनं राखेची रेघ मारा.

पाणी बारीक भोकाच्या झारीनं, नाहीतर फवाऱ्यानं. पाईप सोडलात तर सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं. उगवेपर्यंत, म्हणजे दहा ते पंधरा दिवस, वरचा थर ओलसर ठेवायचा, नंतर हात आखडता. वाफसा आला की मगच पुढचं पाणी, बोट घालून बघा, वरचा एक पेर कोरडा झाला पाहिजे. सकाळी घाला, संध्याकाळी घातलं की रात्रभर ओल राहते आणि रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होतात, त्याला मर म्हणतात आणि एकदा लागली की रांगच्या रांग जाते.

मग येतं सगळ्यात जिवावरचं काम, विरळणी. दोन-अडीच इंचाची गच्च हिरवीगार रोपं उभी असतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त काढायची. दोन रोपांत वीतभर अंतर पाहिजेच. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं, कात्रीनं जमिनीलगत कापा. पहिल्या वर्षी मला कापवेना, तर मार्चपर्यंत दोरीसारखी बारीक झाडं आणि रुपयाएवढी फुलं बघत बसलो.

कुठली जात घ्यायची? आपल्या हवेला सगळ्यात सोपी शर्ली पॉपी. ती मूळची युरोपातल्या गव्हाच्या शेतातली लाल तणाची पॉपी, इंग्लंडमधल्या शर्ली गावच्या विल्क्स नावाच्या पाद्र्याला १८८० च्या सुमारास तिच्यात पांढऱ्या काठाचं एक फूल सापडलं, त्याचं बी वर्षानुवर्षं निवडत त्यानं गुलाबी, पांढरे, अबोली रंग काढले. म्हणजे तण निवडून निवडून बाग केली, बघा. दुसरी कॅलिफोर्निया पॉपी, केशरी, बारीक कापलेल्या शेपूसारखं निळसर पान, पाणी अजून कमी लागतं, सांगलीच्या उन्हाला हीच बरी. ही संध्याकाळी आणि ढगाळ हवेत फूल मिटून घेते, रोप मेलं म्हणून घाबरू नका. तिसरी आइसलँड पॉपी, पिवळ्या नारंगी कागदी फुलांची, नर्सरीत ट्रेमध्ये मिळते ती बहुतेक हीच. तिला थंडीच पाहिजे. पाचगणी, महाबळेश्वरात रमते, साताऱ्यात जमून जाते, सांगलीत फेब्रुवारी संपला की संपली. रोपं घ्यायचीच तर चार-पाच पानांची घ्या, मातीच्या गड्ड्यासकट अलगद उतरवा, मोठं फुललेलं रोप घेऊ नका.

फुलायच्या आदल्या दिवशीची शर्लीची कळी मात्र एकदा जवळ बसून बघाच. केसाळ हिरवी कळी चार दिवस मान खाली घालून लटकलेली असते, नवीन माणसाला वाटतं सुकली. मग एका रात्रीत देठ सरळ होतो, सकाळी कळीचे दोन हिरवे पापुद्रे फाकतात आणि आतनं पाकळ्या येतात त्या अशा चुरगळलेल्या, जशी पेटीतनं काढलेली बिनइस्त्रीची ओढणी. तासाभरात सुरकुत्या आपोआप जातात. पापुद्रे टपकन खाली पडतात, आमच्या पोर्चमध्ये सकाळी त्याच टोप्या झाडाव्या लागतात. फूल एक-दोन दिवसच टिकतं. फुलदाणीत ठेवायचं तर कळी फाकून रंग दिसायला लागला की कापा आणि देठाचं टोक गॅसवर चार-पाच सेकंद धरा, चीक गळायचा थांबतो आणि फूल जरा जास्त टिकतं.

फेब्रुवारीत कळ्यांवर मावा म्हणजे रस शोषणारी बारीक कीड येते. थोडी असेल तर पाण्याच्या फवाऱ्यानं झाडा, जास्त असेल तर संध्याकाळी निंबोळी तेल. बाकी औषधांच्या नादी लागू नका, मधमाश्या दिवसभर याच फुलांत लोळत असतात.

आता कायद्याचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. अनारशाला आणलेली खसखस उरली म्हणून अंगणात टाकून बघणारी माणसं मी पाहिलीत. खसखस खायला कसलीच अडचण नाही, पण तिचं झाड म्हणजे अफूचं झाड आणि १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय ते लावणं गुन्हा आहे. परवाने केंद्र सरकार देतं, ते पण मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागात, आपल्याकडं नाही. ऑनलाइन पिओनी पॉपी किंवा ब्रेडसीड पॉपी नावाची सुंदर पाकिटं दिसतात, ती पण अफूचीच. ओळखायचं कसं तर अफूचं पान गुळगुळीत, कोबीसारखं राखाडी निळसर आणि देठाला मिठी मारून बसलेलं, शर्लीचं पान केसाळ आणि खोल कापलेलं. पाकिटावर सोम्निफेरम, म्हणजे अफूचं शास्त्रीय नाव, लिहिलेलं दिसलं की परत ठेवा.

या कुळातलं अजून एक, पित्तपापडा. पूर्वी त्याचं वेगळं कुळ धरायचे, आता पॉपीच्याच घरात घेतलंय. उत्तरेत गव्हात मुबलक, धुरकट हिरवं, गाजराच्या पाल्यासारखं नाजूक झाड, फिकट गुलाबी बारीक फुलं आणि त्यांच्या टोकाला जांभळा ठिपका. तोडलं तर चीक नाही, नुसतं पाणी. आपल्याकडं मात्र भानगड अशी की पित्तपापडा म्हणून जे दाखवतात ते बऱ्याचदा अडुळशाच्या कुळातलं भलतंच झाड असतं. म्हणून कुणी बांधावरनं उपटून काढ्याला दिलं तर वैद्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका. बागेत मुद्दाम लावण्यात काही राम नाही. आणि कासच्या पठारावर जाऊन पॉपी शोधणाऱ्यांना सांगतो, तिथं तेरडा आणि सीतेची आसवं आहेत, पॉपी नाही, आणि तिथं नेऊन बी टाकायचा विचार तर स्वप्नात पण आणू नका.

बी धरायचं मार्चअखेर. शर्लीचं बोंड तपकिरी होऊन खुळखुळ्यासारखं वाजायला लागलं की टोपीखाली बारीक खिडक्या उघडतात, मिठाच्या डबीसारखं बी तिथनं सांडतं. उलटं न करता कापायचं आणि कागदी पाकिटात उपडं करायचं. कॅलिफोर्नियाची शेंग लांब असते आणि ती वाळली की फटकन फुटून बी लांब उडवते, म्हणून पिवळी पडायला लागली की काढून झाकलेल्या डब्यात ठेवा, दुपारी कपाटातनं टकटक आवाज येतात. दोन-तीन बोंडं मात्र मी वाफ्यातच सोडतो. पावसाळाभर तिथं काही दिसत नाही, आई भेंडी लाव म्हणून मागं लागते, आणि नोव्हेंबरात मी पेरायच्या आधीच दहा-बारा रोपं आपली आपण वर आलेली असतात, बहुतेक वेळा फरशीच्या फटीत.