ग्लासातली मेणबत्ती घरी बनवून विकायची असेल तर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका आजींनी माझ्याकडची मेणबत्ती हातात घेऊन विचारलं, “देवाकडेन लायल्यार जाता मगो?” म्हणजे, देवापाशी लावली तर चालेल ना? मी हो म्हटलं आणि नंतर रात्रभर अस्वस्थ राहिले. त्या ग्लासातली मेणबत्ती मी एकदाही तळापर्यंत जाळून पाहिली नव्हती. म्हणून मेण वितळवण्याआधी हे ठरवून टाका: जी मेणबत्ती शेवटपर्यंत आपल्या घरात जळली नाही, ती विकायची नाही.

भांडं निवडताना घाई नको. जाड, सरळ उभ्या भिंतीचा, उष्णता सोसणारा काचेचा ग्लास घ्या, साधारण ७ सेंटिमीटर रुंद. चहाच्या पातळ ग्लासाला माझ्याकडे अर्ध्या तासात वरून खाली तडा गेला होता. कापलेल्या बाटल्या दिसायला छान दिसतात, पण कापाच्या कडेला न दिसणारी चीर असू शकते. नारळाच्या करवंटीत मेणबत्ती करा, असा सल्ला गोव्यात हमखास मिळतो. करवंटी चुलीत कशी धगधगते ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा ती नकोच. वरून सुकी फुलं खोचणंही टाळा, ती पेट घेतात.

मेण सोयाचं घेतलं तर सुरुवात सोपी जाते. ग्लासासाठी बनवलेलं सोया मेण साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं. खोबऱ्याचं मेण त्याहून मऊ असतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि आपल्याकडे जवळजवळ वर्षभर पातळच असतं, यावरून ते मेण इथल्या उन्हाळ्यात कसं वागेल याचा अंदाज येतो.

आता माप. ग्लासात काठापासून सेंटिमीटरभर खाली येईल इतकं पाणी ओतून मोजा. १८० मिलिलिटर भरलं तर त्याला ०.८६ने गुणा, म्हणजे मेण आणि तेल मिळून साधारण १५५ ग्रॅम. सुगंधी तेल मेणाच्या ६ टक्के धरलं, तर १४६ ग्रॅम मेणाला सुमारे ९ ग्रॅम तेल लागतं. तेल चमच्याने किंवा थेंबांनी मोजू नका, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्याच. तेल मेणबत्तीसाठीच बनवलेलं हवं. सुरंगीचा वास मागणारे पुष्कळ भेटतात आणि मोह होतो, पण अंगाला लावायचं अत्तर मेणात घालू नका.

ग्लास धुऊन पूर्ण कोरडे करा. पावसाळ्यात काचेवर दमटपणा बसतो, म्हणून ओतण्याआधी त्यांना थोडी ऊब द्या. वातीच्या पत्र्याच्या चकतीला तळाशी चिकटवा आणि वर आडवी काडी लावून वात मधोमध ताठ धरा.

पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यात मेणाचं भांडं ठेवा, मेण थेट आचेवर कधीच नको. थर्मामीटरवर ८० अंश दिसले की गॅस बंद करा, तेल घाला आणि दोन मिनिटं हळू ढवळा. ५५ ते ६० अंशांवर आलं की बारीक धारेने ओता. मेण गॅसवर असताना स्वयंपाकघर सोडू नका. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घाला. पाणी ओतलंत तर भडका उडेल. उरलेलं मेण मोरीत सोडू नका, भांडं गरम असतानाच कागदाने पुसा. गोठल्यावर वर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटली तर घाबरू नका, सोया मेणाचा तो स्वभावच आहे.

मग दोन आठवडे थांबा, वास तेव्हा मुरतो. आणि आता खरं काम. वात ५ मिलिमीटर उंच ठेवून पंखा बंद असलेल्या खोलीत मेणबत्ती चार तास जाळा, विझवा, पूर्ण थंड होऊ द्या, वात कापा, पुन्हा लावा. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरेपर्यंत हेच. मी वहीत दर तासाला लिहिते: मेण कुठवर वितळलं, ज्योत केवढी, काचेवर काजळी आली का. ७ सेंटिमीटरच्या ग्लासात तीन-चार तासांत वितळलेलं मेण चहूबाजूंनी काचेला भिडायला हवं. मधेच खड्डा पडत गेला तर जाड वात घ्या. ज्योत नाचते, काजळी धरते, काच हाताला चटका देते, तर बारीक वात घ्या. शेवटच्या तिसऱ्या भागाकडे डोळ्यांत तेल घालून बघा, कारण ज्योत खाली उतरली की उष्णता काचेच्या भिंतींत कोंडते आणि ग्लास सगळ्यात जास्त तिथेच तापतो. ग्लास, मेण किंवा सुगंध, यांतलं एक जरी बदललं तरी चाचणी पहिल्यापासून. माझ्या पहिल्या मोगऱ्याच्या मेणबत्तीला वात तीनदा बदलावी लागली.

किंमत काढताना जळून गेलेल्या चाचण्या, खोका, स्टॉलचं भाडं आणि तुमचे तास धरा. शेजारणीपेक्षा दहा रुपये कमी लावण्यात काही हशील नाही.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. गोव्यात मालाच्या विक्रीवर जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये उलाढाल आहे. पॅकबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे लेबलवर तुमचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क द्या. त्याखाली मराठीत आणि कोंकणीत ठळक लिहा: वात कापून लावा, चार तासांहून जास्त जाळू नका, पडद्यापासून आणि मुलांपासून दूर ठेवा, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा.

जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण, ३ डिसेंबरला असतं, त्याआधी दिवाळी आणि मागोमाग नाताळ. सुगंध मुरण्याचे दोन आठवडे आणि चाचण्यांचे दिवस धरले तर या हंगामाची तयारी गणेश चतुर्थी उरकताच सुरू करावी लागते. मे महिन्यात मात्र भरलेले खोके उन्हात उभ्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. परत येईपर्यंत मेण मऊ होतं आणि तेल वर घामासारखं सुटतं.