एलसॅटमधील मतभेदाचे प्रश्न : या चुका टाळा

अमेरिका आणि कॅनडातील विधी महाविद्यालयांच्या जेडी (तिथली कायद्याची मूळ पदवी) प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून ॲनालिटिकल रीझनिंगचा, म्हणजे कोडी सोडवण्याचा, विभाग वगळण्यात आला आणि त्याच्या जागी लॉजिकल रीझनिंगचा, म्हणजे छोट्या युक्तिवादांची तर्कशुद्धता तपासण्याचा, दुसरा विभाग आला. त्यामुळे गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन आता याच विषयाचे असतात. प्रत्येक विभागासाठी ३५ मिनिटे मिळतात, प्रश्न पंचविसाच्या आसपास असतात आणि त्यांत साधारण एखाद-दुसरा प्रश्न दोन व्यक्तींच्या मतभेदावर असतो. भारतात एलएलबी करून परदेशी एलएलएमसाठी जाणाऱ्यांना ही परीक्षा सहसा द्यावी लागत नाही. हा लेख जेडीच्या उमेदवारांसाठी आहे.

मतभेदाचा प्रश्न दिसायला सोपा असतो. पहिली व्यक्ती काही म्हणते, दुसरी तिला उत्तर देते आणि दोघांचे मत कोणत्या मुद्द्यावर जुळत नाही, ते पाच पर्यायांतून निवडायचे असते. उतारा समजलेला असतो, वाद कशावरून चालला आहे हेही कळलेले असते आणि तरीही उत्तर चुकते. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : परीक्षार्थी वादाचा विषय शोधत राहतो, आणि प्रश्नाला मात्र असे एक विधान हवे असते की ज्याला एक व्यक्ती ‘हो’ म्हणेल आणि दुसरी ‘नाही’ म्हणेल.

विषय सापडला की थांबणे

न्यायदर्शनातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतील, जुने उदाहरण घ्यावे : एक जण म्हणतो आत्मा आहे, दुसरा म्हणतो आत्मा नाही. विधान एकच, त्यावर दोघांनीही मत दिलेले आणि दोन्ही मते एकत्र खरी असू शकत नाहीत. परीक्षेतही नेमके हेच हवे असते, फक्त ते इतके उघड मांडलेले नसते. पुढील संवाद पाहा.

ग्रंथपाल : पुस्तके उशिरा परत करण्याबद्दलचा दंड रद्द करावा. दंडाच्या भीतीने कमी उत्पन्नाची कुटुंबे वाचनालयाकडे फिरकत नाहीत, आणि अधिकाधिक लोकांपर्यंत पुस्तके पोहोचवणे हेच वाचनालयाचे पहिले काम आहे.

नगरसेवक : ही कुटुंबे दंडामुळे दूर राहतात हे खरे. परंतु दंड नसेल तर मागणी असलेली पुस्तके महिनोन्‌महिने परत येणार नाहीत आणि परिणामी आज जितक्या लोकांपर्यंत पुस्तके पोहोचतात त्याहून कमी लोकांपर्यंत ती पोहोचतील.

आता पर्याय असे आहेत असे समजू. (अ) दंडामुळे कमी उत्पन्नाची कुटुंबे वाचनालयापासून दूर राहतात का. (आ) दंड नसल्यास पुस्तके परत येण्यास अधिक वेळ लागेल का. (इ) अधिकाधिक लोकांपर्यंत पुस्तके पोहोचवणे हे वाचनालयाचे पहिले काम आहे का. (ई) दंड रद्द केल्याने पुस्तके अधिक लोकांपर्यंत पोहोचतील का. (उ) दंडाची रक्कम वाचनालयाच्या खर्चासाठी आवश्यक आहे का.

पाचही पर्याय ‘दंड आणि वाचनालय’ याच विषयावरचे आहेत. म्हणून नुसत्या विषयावर बोट ठेवून काहीही हाती लागत नाही. प्रत्येक पर्यायापुढे दोघांची उत्तरे स्वतंत्रपणे लिहून पाहावीत : हो, नाही किंवा सांगता येत नाही. (अ) ला दोघेही हो म्हणतात. नगरसेवकाने तर तसे स्पष्ट मान्य केले आहे. (आ) बाबत नगरसेवकाचे उत्तर हो आहे, पण ग्रंथपाल त्याबद्दल एक अक्षरही बोललेला नाही. (इ) हा ग्रंथपालाचा मुद्दा आहे; नगरसेवक त्याला विरोध करत नाही, उलट त्याच कसोटीवर आपला आक्षेप उभा करतो. (उ) बद्दल दोघेही गप्प आहेत. राहिला (ई). ग्रंथपालाने हे वाक्य शब्दशः उच्चारलेले नाही, परंतु पुस्तके अधिक लोकांपर्यंत पोहोचावीत म्हणून दंड रद्द करा असे त्याचे म्हणणे असल्याने त्याला ‘हो’ म्हणावेच लागते, आणि नगरसेवकाचे ‘नाही’ तर उघडच आहे.

सर्वाधिक फसवणूक (आ) सारखा पर्याय करतो, कारण तो दुसऱ्या वक्त्याचा सर्वांत ठसठशीत मुद्दा असतो आणि वाचून संपवताना तोच मनात ताजा असतो. एका बाजूचे मौन म्हणजे विरोध नव्हे. मौनावर मत लादण्याची ही सवय एकदा मोडली की निम्मे काम झाले, असे माझे मत आहे.

इथे एक सूक्ष्म शंका येऊ शकते. ‘दंड रद्द करावा का’ असा पर्याय असता तर तो बरोबर ठरला असता का? नगरसेवकाचा कल ‘नाही’ कडे आहे हे उघड असले, तरी त्याने तसे म्हटलेले नाही; दंडाऐवजी दुसरा उपाय करावा असेही त्याचे मत असू शकेल. (ई) सारखा घट्ट पर्याय समोर असताना असा अर्धवट आधाराचा पर्याय निवडू नये. प्रश्नाच्या शब्दांतही सहसा ‘दोघांच्या विधानांतून सर्वाधिक आधार मिळतो’ अशीच भाषा असते. म्हणजे शब्दशः पुराव्याची अट नाही, पण आधार दोन्ही बाजूंनी असावा लागतो.

युक्तिवाद खोडणे म्हणजे निष्कर्ष नाकारणे नव्हे

अभ्यासू विद्यार्थ्यांची खरी कसोटी इथे लागते. समजा, पहिली व्यक्ती म्हणते : ‘गावात गेल्या वर्षी वेगमर्यादा कमी केली आणि अपघात घटले, म्हणजे वेगमर्यादेनेच अपघात कमी झाले.’ दुसरी म्हणते : ‘त्याच वर्षी गावाबाहेरून वळणरस्ता सुरू झाला आणि गावातील वाहतूक निम्म्यावर आली. तेव्हा अपघात घटले एवढ्यावरून त्याचे श्रेय वेगमर्यादेला देता येणार नाही.’

‘कमी वेगमर्यादेने रस्ते सुरक्षित होतात का’ हा पर्याय इथे हमखास निवडला जातो. परंतु दुसरी व्यक्ती वेगमर्यादेच्या विरोधात काहीच बोललेली नाही. वेगमर्यादा उपयोगी असते असे तिचेही मत असू शकेल. ‘वेगमर्यादेचा अपघातांवर काहीही परिणाम झाला नाही का’ हाही पर्याय चुकतो, कारण परिणाम झालाच नाही असा तिचा दावा नाही. अपघात घटले हे तर दोघींनाही मान्य आहे. वाद आहे तो एवढाच, की अपघातांतील घट हा वेगमर्यादेच्या परिणामाचा पुरेसा पुरावा आहे का. पहिलीने त्याच पुराव्यावर निष्कर्ष काढला आहे, म्हणून तिचे उत्तर हो, दुसरीचे नाही.

असे संवाद ओळखण्याची एक खूण आहे. दुसऱ्या वक्त्याच्या बोलण्यात ‘एवढ्यावरून’, ‘यातून तसे सिद्ध होत नाही’ अशा अर्थाची शब्दयोजना असेल, किंवा तो एखादे पर्यायी कारण पुढे करत असेल, तर बहुधा भांडण निष्कर्षाशी नसून निष्कर्षापर्यंत नेणाऱ्या वाटेशी असते. याउलट दुसरा वक्ता पहिल्याची आधारविधाने स्वीकारून वेगळ्याच निष्कर्षाला पोहोचत असेल, तर उत्तर निष्कर्षाच्या जवळपास शोधावे.

बहुतेक, काही, नेहमी

प्रमाणवाचक शब्द डोळ्यांखालून घालून पुढे जाणे महागात पडते. एक जण म्हणाला, बहुतेक छोटी संग्रहालये तोट्यात चालतात. दुसरा म्हणाला, काही छोटी संग्रहालये चांगला नफा मिळवतात. बोलण्याचा सूर विरोधाचा वाटला तरी ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, म्हणून इथे मतभेद सिद्ध होत नाही. तेच पहिल्याने ‘सर्व’ म्हटले असते तर झाला असता. ‘असे घडते’ आणि ‘असे घडायला हवे’ यांतील अंतरही याच जातीचे आहे. वस्तुस्थितीबद्दलचे विधान आणि कर्तव्याबद्दलचे विधान समोरासमोर ठेवले की टक्कर झाल्याचा भास होतो, पण ती झालेली नसते.

आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धांत तयार झालेल्या विद्यार्थ्यांना या प्रश्नांचा विशेष त्रास होतो असे दिसते. प्रतिपक्षाच्या प्रत्येक वाक्याला उत्तर असलेच पाहिजे, ही व्यासपीठावरची शिस्त इथे उपयोगाची नाही. दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवण्याचेही कारण नाही. विषय ओळखीचा असेल, उदाहरणार्थ आरक्षण, प्रदूषण किंवा मृत्युदंड, तर वक्त्याने न मांडलेला पण वर्तमानपत्रांत नेहमी वाचलेला युक्तिवाद त्याच्या तोंडी घातला जाण्याचा धोका अधिक असतो.

आणखी एक साधी चूक : क्वचित प्रश्न मतभेदाऐवजी सहमतीचा असतो. पद्धत तीच, फक्त दोन्ही बाजूंचे उत्तर एकच यायला हवे. म्हणून उताऱ्याआधी प्रश्न वाचावा.

सराव आणि वेळ

एलसॅट घेणाऱ्या एलसॅक संस्थेच्या लॉहब या संकेतस्थळावर काही अधिकृत सराव परीक्षा मोफत मिळतात. त्यांतील दोन वक्त्यांचे प्रश्न वेगळे काढावेत आणि सुरुवातीला घड्याळ न लावता पाचही पर्यायांपुढे हो, नाही, सांगता येत नाही अशा दोन-दोन खुणा कागदावर कराव्यात. उत्तर बरोबर आले तरी खुणा तपासाव्यात, कारण चुकीच्या वाटेने बरोबर उत्तराला पोहोचलेला विद्यार्थी पुढच्या प्रश्नात अडखळतो. चुका झाल्याच, तर चुकीचा पर्याय कोणत्या जातीचा होता ते लिहून ठेवावे : दोघांना मान्य, एकाचे मौन, दोघांचे मौन, की वाजवीपेक्षा व्यापक. पाच-सहा चुकांतच एकाच जातीची पुनरावृत्ती दिसू लागते आणि मग नेमका कशाचा सराव करायचा ते कळते.

प्रत्यक्ष परीक्षेत एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी दीड मिनिटाहूनही कमी वेळ येतो, त्यामुळे प्रत्येक पर्यायाची पूर्ण चिकित्सा शक्य नसते. अशा वेळी आधी दुसऱ्या वक्त्याच्या मौनावर पर्याय कापावेत. त्याचे बोलणे नुकतेच वाचलेले असल्याने ही तपासणी झटपट होते. उरलेले पर्याय पहिल्या वक्त्यावर ताडून पाहावेत. तरीही दोन पर्याय शिल्लक राहिले तर अधिक मर्यादित शब्दांतला पर्याय निवडून प्रश्नावर खूण करावी आणि पुढे जावे. क्लॅटची, म्हणजे भारतातील विधी प्रवेश परीक्षेची, तयारी केलेल्यांना चुकीच्या उत्तरामागे ०.२५ गुण गमावण्याची धास्ती असते आणि ते शंका आली की जागा कोरी सोडतात. एलसॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे इथे एकही प्रश्न कोरा सोडू नये.