जुन्या जर्मन फोटोंतील तरुण मंडळांचे गणवेश आणि बिल्ले कसे ओळखावेत

हाफपँट, गळ्यात स्कार्फ आणि कमरेला पट्टा दिसला की त्या मुलावर ‘हिटलर युगेंट’चा, म्हणजे नाझी पक्षाच्या तरुण संघटनेचा, शिक्का मारला जातो. इथेच सर्वांत जास्त गफलत होते. हा पोशाख नाझींनी घडवलेला नाही. 1901 मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लित्समध्ये ‘वांडरफोगेल’ ही भटक्या विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. तिच्या मागून स्काउट आले, चर्चची मंडळे आली, समाजवादी मुलांचे गट आले. भटकंतीला सोयीचे कपडे या सगळ्यांनीच कमी-अधिक प्रमाणात वापरले, आणि हिटलर युगेंटने तेच उचलले. त्यामुळे एकूण छाप पाहून निकाल देऊ नका. एकेक वस्तू तपासा.

आधी फोटो नीट स्कॅन करा. 6 × 9 सेंटिमीटरच्या प्रिंटसाठी 1200 डीपीआय ठेवा आणि स्कॅनरची ‘शार्पन’ सोय बंद करा. ती चालू असेल तर कागदाच्या कणांतून नसलेली अक्षरे तयार होतात. मग फोटो उलटा छापलेला नाही ना, ते पाहा. मुलांच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते, आणि दंडावरची पट्टी डाव्या हातावर असते. दोन्ही गोष्टी विरुद्ध दिसल्या तर निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलेली आहे. झेंड्यावरून मात्र ही परीक्षा करू नका, कारण पातळ कापडाच्या मागच्या बाजूने चिन्ह आपोआप उलटे दिसते.

आता रंग. इथेही बरीच फसगत होते, म्हणून थोडे थांबा. त्या काळातली बरीच स्वस्त फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, म्हणजे तिला लाल रंग ‘दिसत’ नसे. लाल काळपट येतो, निळा फिकट येतो, तपकिरी अपेक्षेपेक्षा गडद येतो. समाजवादी ‘रोटे फाल्केन’ गटातल्या मुलांचा निळा शर्ट आणि लाल स्कार्फ अशा फिल्मवर फिकट शर्ट आणि काळा स्कार्फ असा उमटतो. हिटलर युगेंटचा स्कार्फ खरोखरच काळा असे. म्हणजे दोन कट्टर विरोधी गट फोटोत सारखे दिसू शकतात. फिल्म कोणती ते ओठांवरून ताडता येते: ओठ गडद आणि आकाश पांढरेफटक असेल तर ऑर्थो धरून चाला.

गळ्यापासून सुरुवात करा. हिटलर युगेंटमध्ये स्कार्फ चामड्याच्या विणलेल्या गाठीतून, आपल्याकडच्या स्काउटच्या वॉगलसारखा, ओवलेला असतो. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी बालसंघटनेतल्या ‘पायोनियर’ मुलांचा स्कार्फ हातानेच बांधलेला असतो. तपकिरी शर्टावर स्कार्फऐवजी टाय असेल तर तो बहुधा मोठ्यांच्या एसए या नाझी पक्षाच्या निमलष्करी दलातला माणूस.

मग डावी बाही. 14 ते 18 वयाच्या हिटलर युगेंट मुलांच्या दंडावर लाल पट्टी, तिच्या मधोमध आडवा पांढरा पट्टा, आणि कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनात स्वस्तिक. पांढऱ्या गोलातले स्वस्तिक असेल तर ती नाझी पक्षाची पट्टी, या मुलांची नव्हे. 10 ते 14 वयाच्या ‘युंगफोल्क’ (हिटलर युगेंटचा लहान मुलांचा विभाग) मुलांना पट्टी नसते. त्यांच्या बाहीवर गोल बिल्ला असतो आणि त्यात विजेसारखी एकच ‘झिग’ रून (प्राचीन जर्मन लिपीतले अक्षर). हीच रून त्यांच्या पट्ट्याच्या बक्कलवरही सापडते. बाहीच्या वरच्या भागात काळा त्रिकोण असेल तर भिंग घ्या: त्यावर प्रदेशाचे नाव असते. वर ‘झ्यूड’ आणि खाली ‘होखलांट’ वाचता आले तर तो गट म्युनिक आणि वरच्या बव्हेरियाचा.

छातीच्या खिशाकडे जाणारी दोरी हुद्द्याची खूण आहे, सजावट नव्हे. लाल-पांढरी दोरी सर्वांत लहान तुकडीच्या प्रमुखाची, त्याच्यावरच्याची हिरवी, त्याच्याही वरच्याची हिरवी-पांढरी. कृष्णधवल फोटोत एकरंगी की दुरंगी एवढेच खात्रीने कळते, म्हणून नोंदही तेवढीच करा.

मुली ओळखणे सोपे. पांढरा ब्लाउज, गडद निळा स्कर्ट, काळा स्कार्फ आणि कधी आखूड तपकिरी जाकीट हा ‘बेडेएम’चा, म्हणजे हिटलर युगेंटच्या मुलींच्या शाखेचा, वेश. त्यांच्या त्रिकोणावरची अक्षरे चंदेरी-पांढरी असतात, मुलांची पिवळी.

कुठलेच नाझी चिन्ह सापडले नाही तर लिलीचे फूल शोधा (स्काउट), किंवा एकमेकांवर चढवलेली पी आणि एक्स ही ग्रीक अक्षरे (कॅथलिक तरुण). कॅथलिक मंडळांच्या गणवेशावर जुलै 1935 मध्ये पोलिसी बंदी आली. त्यामुळे जर्मनीतला असा उघड सामूहिक फोटो बहुधा त्याआधीचा. डाव्या बाहीवर उगवता सूर्य असलेला निळा शर्ट 1946 मध्ये स्थापन झालेल्या ‘एफडेयोट’ या पूर्व जर्मनीच्या तरुण संघटनेचा. पायोनियर मुलांमध्ये लाल स्कार्फ 1973 पासून आला, त्याआधी सगळ्यांचा निळा.

पाठीमागचा मजकूर वाचता येत नसेल तर तो बहुधा झ्यूटर्लिन या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहे. ही लिपी शाळांमधून 1941 मध्ये काढून टाकली, पण शिकलेली माणसे नंतरही ती लिहीत राहिली, म्हणून केवळ लिपीवरून तारीख ठरवू नका. अंधारात अतिनील टॉर्च टाकून पाहा. कागद निळसर उजळला तर त्यात चमक आणणारी रसायने आहेत, म्हणजे प्रिंट साधारण 1950 नंतरची. निगेटिव्ह जुनी असू शकते.

नोंद लिहिताना ‘दिसते ते’ आणि ‘अंदाज’ वेगळ्या ओळींत ठेवा. मुलाच्या अंगावर गणवेश आहे एवढ्यावरून त्याचे विचार ठरवू नका: मार्च 1939 पासून हिटलर युगेंटची सेवा कायद्याने सक्तीची होती. आणि जर्मनीत राहून असे फोटो इंटरनेटवर टाकणार असाल तर नाझी चिन्हे जाहीरपणे दाखवणे तिथे फौजदारी गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण आणि इतिहासकथनाला सूट आहे, म्हणून फोटो एकटा न टाकता त्याची माहिती त्याच्यासोबतच द्या.