दवाखाना न सोडता निवडणूक लढवायची असेल तर

तालुक्याच्या गावात २३ वर्षं प्रॅक्टिस केली, त्यातली पाच नगरसेविका म्हणून. उभं राहू का, असं विचारणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी आधी एकच काम सांगते: केसपेपरच्या कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा.

माझ्या पहिल्या प्रचारात एका उत्साही कार्यकर्त्याने काउंटरवरच्या रजिस्टरमधून फोन नंबर उतरवून घेतले. टीबीची औषधं घेणाऱ्या एका बाईने आजार घरात लपवला होता. तिच्या नावाचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर गेला. सहा महिन्यांचा कोर्स तिसऱ्या महिन्यात तुटला. आशाताईंनी खूप मनधरणी केल्यावर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण ती माझ्या दारात परत आली नाही. मतदारयादी निवडणूक कार्यालयातून घ्या. पेशंटची यादी ही मतदारयादी नव्हे.

कागदपत्रांचं थोडक्यात: सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा मंजूर झाल्याशिवाय अर्ज भरू नका. खासगी प्रॅक्टिसला आडकाठी नाही. राखीव जागा असेल तर जात पडताळणीच्या मागे आधीपासून लागा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून चहाचंसुद्धा बिल जपा. आचारसंहिता लागली की मोफत शिबिर, औषधवाटप बंद. ते मतदाराला दिलेलं आमिष ठरू शकतं. नेहमीची ओपीडी मात्र चालू ठेवा.

वेळ कुठून काढायचा, असं वाटलं की मला डॉ. बिधानचंद्र रॉय आठवतात. १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमधल्या उपवासात गांधीजींना तपासणाऱ्यांत ते होते. १९४८ पासून १९६२ पर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असतानाही ते मोफत पेशंट तपासत. आपल्याला एका प्रभागाचं ओझं झेपू नये?

निवडून आल्यावर तपासणीच्या खोलीत गटाराचा विषय येऊ देऊ नका. त्यासाठी संध्याकाळी वेगळा तास ठेवा. उलट दिशेने मात्र दवाखान्याचा उपयोग जरूर करा. एकाच गल्लीतून चार दिवसांत सात-आठ जुलाबाचे पेशंट आले, की मी नावं बाजूला ठेवून फक्त गल्ली आणि तारखा लिहून काढायची. तिथल्या नळाचं पाणी तपासायला पाठवायचं आणि अहवाल घेऊन पाणीपुरवठा अभियंत्यासमोर बसायचं. आमच्याकडे एकदा गटारातून गेलेली गंजकी पाइपलाइन अशीच सापडली. ती बदलून होईपर्यंत त्या गल्लीला टँकर लावून घेतला.