घडीचा क्रेट की साधा? आधी रिकामा क्रेट कसा परत येतो ते बघा

क्रेट विकायला आलेला माणूस भरलेल्या क्रेटबद्दल बोलतो. किती किलो माल बसतो, एकावर एक किती चढतात, कुठले रंग मिळतील. मी त्याला पहिला प्रश्न रिकाम्या क्रेटचा विचारते. भरलेला क्रेट घडीचा (भिंती मिटून चपटा होणारा) असो नाहीतर साधा, जाताना गाडीत सारखीच जागा घेतो. पैसे वाचतात किंवा बुडतात ते येताना.

जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं डिस्पॅच मी सांभाळते. त्याआधी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरला होते. दोन्ही जागा पुणे-नाशिक रस्त्यावरच्या, पण क्रेटचा हिशेब दोन्हीकडे पार वेगळा. चाकणहून सुटे भाग परराज्यातल्या प्लांटला जायचे. तिथे फोर्कलिफ्ट, सिमेंटची कोरडी जमीन, प्रत्येक पेटीवर बारकोड. पेटी रिकामी झाली की घडी करून मोजून परत यायची. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची जाळी, म्हणजे साधा जाळीदार क्रेट, हमालाच्या खांद्यावरून उतरते, चिखलात टेकते, वरून पिचलेल्या फळाचा रस गळतो, आणि संध्याकाळी शेजारच्या गाळ्याची जाळी आपल्या थप्पीत सापडते. एका ठिकाणी उत्तम ठरलेला क्रेट दुसरीकडे डोळे झाकून घेऊ नका.

हिशेब असा करायचा. चौदा फुटी गाडी घ्या, हौदा आतून साधारण ४२०० बाय १८०० मिलिमीटर धरा. क्रेट ६०० बाय ४०० चा, ३०० उंचीचा. ४०० ची बाजू गाडीच्या लांबीला लावली तर दहा, ६०० ची रुंदीला लावली तर तीन. एका थरात ३० क्रेट बसले. सहा थर लावले तर १८०. साधा क्रेट रिकामा असला तरी तेवढीच जागा अडवतो, म्हणजे परतीलाही १८०च. घडीचा क्रेट मिटल्यावर साधारण ७० मिलिमीटर उंचीचा राहतो असं धरलं तर त्याच १८०० मिलिमीटरमध्ये २५ थर, म्हणजे ७५० क्रेट. चार गाड्यांचे रिकामे क्रेट एका गाडीत आले.

आता पैसे. दर तुमच्या हातातल्या कोटेशनवरून घ्या. मी समजण्यापुरते आकडे धरते. साधा क्रेट ३५० रुपये, घडीचा ८००, आणि क्रेट आणायला खास पाठवलेल्या गाडीचं भाडं ७,००० रुपये. चार गाड्यांपुरते ७२० क्रेट लागतील, तर घडीच्या क्रेटला जास्तीचे ३,२४,००० रुपये घालावे लागतील. दर फेऱ्यात तीन गाड्यांचं भाडं, म्हणजे २१,००० रुपये, वाचेल. सोळाव्या फेऱ्याला जास्तीची रक्कम वसूल. तुमचे क्रेट हंगामात सोळा वेळा फिरत असतील तर विचार करण्यासारखं आहे. चार वेळाच फिरत असतील तर चार हंगाम थांबावं लागेल, आणि तोवर बिजागऱ्या टिकायला हव्यात.

पण हे सगळं गणित 'खास पाठवलेली गाडी' या शब्दांवर उभं आहे. आळेफाटा, ओतूर, माळशेज करत वाशीला गेलेली तुमची स्वतःची गाडी रात्री रिकामीच गावाकडे वळणार असेल, तर साधे क्रेट फुकटात परत येतात आणि घडीचा क्रेट दमडीही वाचवत नाही. दुधाची गाडी बघा. पिशव्यांचे क्रेट साधे, कडक. गाडी पहाटे दुकानात भरलेले क्रेट उतरवते आणि आदल्या दिवशीचे रिकामे तिथेच उचलते. उतरवलेल्या क्रेटची जागा रिकामा क्रेट घेतो. घडी घालून मोकळी केलेली जागा तिथे कुणालाच नको असते. उलट तुमची गाडी परतताना खत, पुठ्ठ्याचे बॉक्स किंवा दुसऱ्याचं भाडं घेऊन येत असेल, तर मोकळ्या केलेल्या प्रत्येक फुटाला किंमत आहे. म्हणून आधी ड्रायव्हरशी बोला. गाडी परत कशी येते हे मालकापेक्षा त्याला जास्त नेमकं माहीत असतं.

जागेचा दुसरा खर्च हंगाम संपल्यावर दिसतो. १,८०० साधे क्रेट दहा-दहाच्या थप्प्यांत लावले तर १८० थप्प्या, जवळजवळ ४६५ चौरस फूट, तेही चालायची वाट न धरता. तेवढेच घडीचे क्रेट चाळीस-चाळीसच्या थप्प्यांत साधारण ११६ चौरस फुटांत मावतात. गोडाऊन भाड्याचं असेल तर ही रक्कमही कागदावर मांडा. स्वतःचं शेड रिकामं पडत असेल तर सोडून द्या.

खर्चाच्या बाजूला दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. एक, वजन. बिजागऱ्या आणि दुहेरी कडांमुळे घडीचा क्रेट त्याच मापाच्या साध्या क्रेटपेक्षा जड असतो. फरक एक किलोचा धरला तर १८० क्रेटमागे १८० किलो माल कमी भरावा लागतो, कारण टोमॅटोची गाडी जागेच्या आधी वजनाने भरते. पालेभाजीला हा प्रश्न नाही. दोन, माणसाचा वेळ. एका क्रेटची घडी करायला पाच सेकंद लागले तरी ७२० क्रेटना एक तास, आणि उघडायला पुन्हा एक तास. हा तास कुणाच्या पगारातला, हे समोरच्या व्यापाऱ्याशी आधी बोलून ठरवा. नाही ठरलं तर क्रेट उघडेच परत येतात आणि तुम्ही जास्तीची किंमत मोजलीत ती वाया जाते.

धुण्याबाबत माझं मत पक्कं आहे. रस, माती, रक्त किंवा खारं पाणी लागणारा माल घडीच्या क्रेटमध्ये घालू नये. बिजागरीच्या फटीत माती बसते, तिथे ओल राहते, मग वास आणि बुरशी. साध्या क्रेटवर प्रेशरचा पाइप मारला की काम झालं. मासळीला तर साधा, गुळगुळीत क्रेटच हवा.

ताकद बघताना 'किती किलो मावतात' हा आकडा पुरेसा नाही. सहा थरांत सगळ्यात खालच्या क्रेटवर पाच भरलेले क्रेट असतात. प्रत्येकी २० किलो धरले तर १०० किलो, आणि घाटातल्या खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. साध्या क्रेटचे कोपरे एकसंध ओतलेले असतात, तो भार सरळ खाली जातो. घडीच्या क्रेटमध्ये भिंत वेगळी, तळ वेगळा. भार खटक्यांवर येतो. म्हणून खटका हाताने दाबून बघा. क्रेट रिकामा असताना बाजूने गुडघा लावला की भिंत आत पडत असेल, तर तो हमालीच्या कामाचा नाही. सुटी भिंत नंतर वेगळी विकत मिळते का, हेही विचारा. मिळत नसेल तर एक खटका तुटला की अख्खा क्रेट भंगारात.

प्लास्टिकचं म्हणाल तर थंडीत काम असेल तर एचडीपीई, म्हणजे कडक पॉलिएथिलीन, घ्या. साधं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये असा क्रेट हातातून पडला तर तडकतो. उन्हात राहणार असेल तर यूव्ही स्टॅबिलायझर (प्लास्टिकला उन्हापासून जपणारा पदार्थ) घातलेला आहे असं लेखी घ्या. उघडी फळभाजी थेट क्रेटला टेकत असल्याने खाद्यपदार्थांना चालणारं प्लास्टिक हवं: पॉलिएथिलीनसाठी भारतीय मानक आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१०. फार स्वस्त, काळपट क्रेट हा बहुधा भंगारातून पुन्हा वितळवलेला असतो, त्यात माल घालू नका.

मापाचा प्रश्न पॅलेट (फोर्कलिफ्टने उचलायची सपाट चौकट) वापरणाऱ्यांनाच. १२०० बाय १००० च्या पॅलेटवर ६०० बाय ४०० चे पाच क्रेट एका थरात काठोकाठ बसतात. बाजारातली साधारण ५४० बाय ३६० ची टोमॅटोची जाळीही पाचच बसते, पण एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १० सेंटिमीटर मोकळी राहतात आणि थप्पी हलते.

एक तिसरा प्रकारही आहे: निमुळता क्रेट, जो १८० अंशांत फिरवला की दुसऱ्याच्या आत बसतो. त्याला बिजागरी नाही, तुटायला काही नाही, आणि परतीची जागाही बरीच वाचते. तिरप्या भिंतींमुळे आत माल थोडा कमी मावतो, एवढंच. घडी आणि साधा यांत अडकलेल्या लहान व्यापाऱ्याने हा आधी बघावा असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे असं ठरवलं आहे: शेतातून पॅकहाउसपर्यंत (माल निवडून भरायच्या शेडपर्यंत) साधी जाळी, कारण ती आपटते, भिजते, आणि रिकामी ट्रॉली शेताकडे जातेच. पॅकहाउसमधून सुपरमार्केटच्या गोडाऊनला घडीचा क्रेट, कारण तिथे भरलेला दिला की रिकामा मोजून घेता येतो. खुल्या बाजारात घडीचा क्रेट मी पाठवत नाही. तिथे क्रेट हरवतात, आणि ८०० चा हरवणं ३५० चा हरवण्यापेक्षा दुपटीहून जास्त महाग. पाठवायचाच असेल तर प्रत्येक क्रेटमागे पूर्ण किमतीची अनामत घ्या, पावतीवर क्रेटची संख्या वेगळ्या ओळीत लिहा, आणि बाजूवर नाव व नंबर रंगाने न लिहिता ओतीव किंवा कोरीव करून घ्या.

शेवटची ऑर्डर देण्याआधी वीस-पंचवीस नमुने विकत आणा, फुकटचा एक नमुना नको. त्यात वाळूच्या गोण्या भरून पूर्ण थप्पी लावा आणि एप्रिलच्या उन्हात दिवसभर ठेवा. प्लास्टिक उन्हाने मऊ पडतं, तळाचं पोट सुटत असेल तर संध्याकाळपर्यंत दिसतं. मग तेच क्रेट तुमच्याच हमालांच्या हातात, तुमच्याच गाडीत, महिनाभर खेळू द्या. किती खटके तुटले, किती क्रेट उघडेच परत आले आणि किती आलेच नाहीत, हे तीन आकडे वहीत लिहा आणि ती वही घेऊनच विक्रेत्यासमोर भावाला बसा.