चारिन-कोलसायला निघण्याआधी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तयारीची यादी

कझाकस्तानातल्या अल्माटीहून सकाळी निघायचे, वाटेत चारिन कॅनियन (लाल खडकांची खोल दरी) बघायचे, साती गावात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी कोलसाय आणि कायिंदी हे डोंगरातले तलाव बघून रात्री परत अल्माटी. कझाकस्तानच्या पाच-सहा दिवसांच्या ग्रुप टूरमध्ये ही दोन दिवसांची फेरी बहुतेक असतेच, आणि तयारी खरी हिच्यासाठीच करावी लागते. अल्माटी मोठे शहर आहे, विसरलेली वस्तू तिथे मिळते. कॅनियनच्या तळाशी आणि साती गावात मिळत नाही. शिवाय या दोन दिवसांत दोन ऋतू भेटतात. जुलैत कॅनियनमध्ये दुपारी पारा चाळिशीकडे जातो आणि त्याच रात्री सातीत स्वेटर काढावा लागतो.

सुरुवात पासपोर्टपासून. परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने मुदत आणि दोन कोरी पाने हवीत. भारतीय पर्यटकांना जुलै २०२२ पासून कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचा, कारण असे नियम बदलतात. आपल्याकडे हमखास घोळ होतो तो नावाचा. अनेकांच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे अशी दोन्ही नावे असतात, आणि तिकीट मात्र नुसत्या पहिल्या नावाने काढलेले असते. गटाचे बुकिंग करणाऱ्याला नावे व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. लग्नानंतर आधारवर नाव बदलले आणि पासपोर्टवर जुनेच राहिले असेल, तर तिकीट, विमा आणि हॉटेल तिन्हीकडे पासपोर्टवरचेच नाव चालवा. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि विमा यांचा कागदी संच हाताशी ठेवा, आणि प्रत्येकाच्या पासपोर्टची एक झेरॉक्स गटातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. कोलसायचा वरचा भाग किर्गिझस्तानच्या सीमेजवळ आहे. तिकडे जाताना मूळ पासपोर्ट अंगावर असू द्या, हॉटेलच्या तिजोरीत नको.

विमा घेताना नुसती रक्कम बघू नका. घोडेस्वारी आणि डोंगरातली पायपीट त्यात धरली आहे का, आणि आधीपासूनचा मधुमेह-रक्तदाब कळवला आहे का, हे तपासा. तलावांवर घोडे भाड्याने मिळतात आणि बसायचा मोह सगळ्यांनाच होतो. हेल्मेट मिळेलच असे नाही.

आता चालण्याचा सराव. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: कॅनियन म्हणजे उलटा गड. गडावर आपण सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि दमल्यावर उतरतो. चारिनच्या 'किल्ल्यांच्या दरीत' (व्हॅली ऑफ कॅसल्स, कॅनियनचा पर्यटक बघतात तो भाग) सगळे उलटे घडते. वरच्या पार्किंगपासून उतरून लाल खडकांच्या मधून सुमारे ३ किलोमीटर चालत चारिन नदीपर्यंत जायचे. वाट उताराची, चाल हलकी, फोटो काढत माणूस कधी पोचतो कळत नाही. परतताना तेच अंतर चढाने, डोक्यावर ऊन घेऊन, आणि मधे सावली जवळजवळ नाही. त्रास होतो तो इथे, आणि जाताना सगळे सोपे वाटले होते म्हणूनच होतो. नदीपासून वर आणणारी गाडी पैसे देऊन मिळू शकते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी ती आहे का आणि शेवटची फेरी कधी, हे उतरण्याआधीच गाइडला विचारून घ्यावे.

म्हणून सरावही उलट्या क्रमाने करा. पाच-सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, पाठीवर ४-५ किलोची सॅक घेऊन. ठाणेकरांना येऊरचा रस्ता आहे, बेलापूरकरांना पारसिक हिल, खारघरकरांना खारघरची टेकडी. आधी अर्धा तास सपाटीवर भरभर चाला आणि शेवटी चढ घ्या. घराजवळ टेकडी नसेल तर सोसायटीचा जिना पुरतो: फेरफटका संपल्यावर लिफ्ट न घेता सात-आठ मजले, दोनदा. कोलसायच्या पहिल्या तलावाकडे पार्किंगपासून पायऱ्या उतरतात, म्हणजे तिथेही चढ शेवटीच येतो. पहिल्या तलावापासून दुसऱ्याकडे जाणार असाल तर एका बाजूचे अंतर सुमारे ८ किलोमीटर आहे आणि जाऊन येण्यात जवळपास अख्खा दिवस जातो. दोन दिवसांच्या फेरीत कायिंदीही बघायचे असेल तर दुसऱ्या तलावाचा नाद सोडलेला बरा. दोन्ही उरकायला गेले की दोन्ही घाईत होतात.

उंचीची भीती मात्र बाळगू नका. कळसूबाई १६४६ मीटर. कोलसायचा पहिला तलाव साधारण १८०० मीटरवर, कायिंदी २००० मीटरच्या आसपास. एवढ्यासाठी डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची गरज नसते. उलट त्या गोळीने लघवी वाढते आणि कॅनियनच्या उन्हात अंगातले पाणी आणखी कमी होते. उंचीचा विचार करायचाच तर अल्माटीजवळच्या शिम्बुलाकला करा. तिथे रोपवे थोड्या वेळात ३००० मीटरच्या वर नेतो. वर गेल्यावर धावपळ नको, आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पाण्याचे गणित आपल्या लोकांचे चुकते ते हवेमुळे. ठाण्याच्या दमट हवेत घाम अंगावर राहतो, शर्ट चिकटतो, तहान लागल्याचे लक्षात येते. चारिनच्या कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो, कातडी कोरडीच राहते, आणि 'मला तर घामच येत नाही' म्हणत माणूस पाणी पीत नाही. मग दोन तासांनी डोके दुखते, मळमळते, पायात गोळे येतात. माणशी ३ लिटर पाणी सॅकमध्ये असलेच पाहिजे, तेही एक-एक लिटरच्या तीन बाटल्यांत, म्हणजे किती संपले ते दिसते. एक बाटली उतरताना, एक नदीवर, एक पूर्ण बाटली चढासाठी राखून. ओआरएसची दोन पाकिटे जवळ ठेवा आणि पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात कालवा. एक लिटरचे पाकीट ग्लासभर पाण्यात ओतल्यास फायदा राहो बाजूला, अपायच होतो. टोपी गळ्याशी दोरी असलेली घ्या, कारण दरीत वारा जोराचा असतो. ओठांना व्हॅसलीन, नाकाच्या आत बोटाने थोडे खोबरेल, नाहीतर कोरड्या हवेने नाकातून रक्त येते. टूरवाल्याला वेळ विचारा: उन्हाळ्यात कॅनियनची चाल सकाळी १० च्या आत किंवा दुपारी ४ नंतर असावी. अल्माटी ते चारिन सुमारे २०० किलोमीटर, साडेतीन तास धरा. हॉटेलातून सकाळी ९ ला निघणारी गाडी भर दुपारी कॅनियनवर पोचते.

बुटांबद्दल जरा सविस्तर. नवे बूट घेणार असाल तर निघण्याआधी किमान महिनाभर घालून चाला, हे सगळ्यांना माहीत असते. फसगत होते ती जुन्या, 'चांगल्या ठेवलेल्या' बुटांनी. तीन-चार वर्षांपूर्वी हिमाचलला वापरलेले, खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेले ट्रेकिंगचे बूट वरून नवेकोरे दिसतात. पण त्यांच्या तळव्यातला मधला मऊ थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातो. आपल्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाडीकाठच्या दमट हवेत हे लवकर होते, त्यातही बूट पायात नसतील तर अधिकच. मग चालायला लागल्यावर तासाभरात सोल टाचेकडून सुटतो आणि आतला थर बिस्किटासारखा चुरा होऊन पडतो. तपासणी आजच करा: बूट हातात घेऊन पुढचा भाग जोरात वाकवा, मधल्या थरावर अंगठ्याचे नख दाबा. बारीक भेगा दिसल्या, नखाची खूण तशीच राहिली किंवा भुसा हाताला लागला, तर ते बूट घरीच ठेवा. चिकटवून आणू नका, कारण तुटला आहे तो थर, नुसता जोड नाही. गटात रुंद डक्ट टेपचे एक रीळ असू द्या. वाटेत सोल सुटलाच तर बुटाभोवती तीन-चार वेढे देऊन गाडीपर्यंत येता येते.

कपड्यांत जीन्स आणि सुती टी-शर्ट कमी करा. कॅनियनमध्ये घामाने किंवा तलावावर पावसाने भिजलेला सुती कपडा संध्याकाळी अंगावर गार पडतो आणि लवकर वाळत नाही. खेळाडू घालतात तसे पटकन वाळणारे दोन पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट, दोन हलक्या पॅन्ट, एक फ्लीस आणि वर टोपीवाले विंडचीटर एवढे मे अखेर ते सप्टेंबरला पुरते. आपला पावसाळी प्लास्टिकचा रेनकोट चढावर आतून घामाने भिजवतो, तो नको. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ही यादी बदलते. तेव्हा रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, थर्मल, हातमोजे आणि कानटोपी लागतेच. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वराचा एक प्रकार होऊ शकतो. पूर्ण पॅन्ट, तिचे पाय मोज्यात खोचलेले, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत एकमेकांना तपासायचे.

हे सगळे एकाच सुटकेसमध्ये कोंबू नका. मोठी बॅग अल्माटीच्या हॉटेलात ठेवता येईल का ते आधीच विचारून घ्या आणि सातीच्या रात्रीसाठी ३० लिटरची मऊ सॅक वेगळी भरा. फ्लीस आणि विंडचीटर सगळ्यात वर. सातीपासून कायिंदीकडे जाणारा शेवटचा रस्ता खड्ड्यांचा आणि ओढ्यातून जाणारा आहे. तिथे जुन्या धाटणीची यूएझेड ही रशियन व्हॅन चालते. पावाच्या लादीसारखा आकार म्हणून तिला 'बुखान्का' म्हणतात. चाकांच्या सुटकेसला तिच्यात जागा नसते, आणि बसणाऱ्यांची डोकी छताला आपटतात. कंबरेचा पट्टा वापरणाऱ्यांनी तो लावूनच बसावे, मणक्याचे ऑपरेशन झालेल्यांनी हा टप्पा टाळावा. व्हॅन, घोडा आणि राष्ट्रीय उद्यानाची फी टूरच्या पैशांत आहे की वेगळी, हे लेखी घ्या. वाद होतो तो इथेच.

आणि तरीही कायिंदी चुकवू नका. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून ओढा अडला आणि स्प्रूसचे जंगल उभेच्या उभे पाण्यात गेले. पांढरे पडलेले बुंधे आजही गलबतांच्या डोलकाठ्यांसारखे पाण्यावर उभे आहेत, आणि थंडगार पाण्यात खाली फांद्या टिकून आहेत. त्या बघायच्या तर कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावा, नाहीतर फोटोत नुसते आकाशाचे प्रतिबिंब येते. कॅनियनमध्ये मात्र लेन्स गाडीबाहेर बदलू नका, धूळ पिठासारखी बारीक असते.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची सोय इथूनच करावी. लगमान (नूडल्स), मान्ती (मोमोसारखे), पुलाव सगळ्यांत मांस असते, आणि 'भाजीच्या' सूपचा रस्साही बऱ्याचदा मांसाचाच. रशियनमध्ये 'बेझ म्यासा' म्हणजे मांसाशिवाय. 'कोनीना' म्हणजे घोड्याचे मांस. दोन्ही शब्द पाठ करा. सातीच्या घरगुती मुक्कामात पाव, जॅम, बटाटे, काकडी-टोमॅटो, अंडी मिळतात, पण गटात किती शाकाहारी आणि किती जैन हे चार दिवस आधी कळवावे लागते. सोबत मेथीचे ठेपले पहिल्या दोन दिवसांचे, पुढे खाकरा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आणि गरम पाण्यात फुलणारे फोडणीचे कोरडे पोहे माणशी दोन पाकिटे. सुका मेवा वाशीच्या मसाला मार्केटमधून गटासाठी एकत्र घेतलात तर स्वस्त पडतो. ५०-५० ग्रॅमच्या पुड्या घरीच बांधा.

औषधे मूळ पट्टीत आणि इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह न्या. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल यांच्याबाबतीत कसूर नको, अशा औषधांवर कस्टमला अडकायला होते. गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी गाडीत बसण्याआधी अर्धा तास घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. स्वच्छतागृहात पाणी असेलच असे नाही. रिकामी एक लिटरची बाटली, कागदी साबण आणि टिश्यू सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

पैसे डॉलरमध्ये, बँक किंवा अधिकृत फॉरेक्सवाल्याकडून पावतीसह घ्या. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या हव्यात. त्यांचे तेंगे (तिथले चलन) अल्माटीतच करून घ्या, सातीला रोख लागते. प्लग युरोपी दोन पिनांचा असतो. मोबाइलचे आपले बारीक दोन पिनांचे चार्जर बसतात, तीन जाड पिनांचे बसत नाहीत. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची. २०,००० एमएएचची म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास, १०० च्या मर्यादेत बसते, पण आकडा तिच्यावर छापलेला दिसला पाहिजे. कॅनियनच्या तळाशी नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा नकाशे आणि रशियन भाषांतर आधीच उतरवून घ्या. मदतीचा क्रमांक ११२. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे.

परत आल्यावर बुटांवरची लाल धूळ कोरड्या ब्रशने झाडा, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून दोन दिवस पंख्याखाली ठेवा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. उघड्या रॅकवर ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी घालून फिरून या.